बोंडअळीच्या वर्षातला रणजी

१ जानेवारी २०१८. आर्वीकडच्या वावरात आम्ही कापूस वेचत होतो. वेचत म्हणजे काय, किडकी बोंडं सोलत होतो. त्या साली गुलाबी अळीनं आतला कापूस पार पिवळा करून ठेवला होता. धुऱ्यावरच्या बाभळीला मोबाईल टांगलेला, त्यावर इंदूरची फायनल, नेटच्या जेमतेम दोन दांड्या. आणि विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं!

१९५७-५८ पासून आपली टीम रणजी खेळते, पण फायनल पाहायला साठ वर्षं लागली. बाबा म्हणायचे, "हे काय जिंकतेत, हजेरी लावाले जातेत." त्या मॅचमध्ये गुरबानीची हॅट्‌ट्रिक, वाडकरचे १३३, कप्तान फैज फजल. कोच चंद्रकांत पंडित मात्र मुंबईचे. असो.

पुढच्याच मोसमात नागपुरात सौराष्ट्राला हरवून परत चषक, २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा. पण ती पहिली मजा वेगळीच. बाबांनी हातातलं बोंड फेकलं, पदराला पुसावे तसे हात धोतराला पुसले आन् म्हणाले, "पुन्हा लाव बरं ते."

तोवर नेट गेलं होतं.