प्रॉपोझिशन ६ साठी दारोदार

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत सक्तीच्या श्रमाला बंदी आहे, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ते चालतात. ही पळवाट काढून टाकायची का, हा प्रश्न नोव्हेंबर २०२४ च्या मतपत्रिकेवर ‘प्रॉपोझिशन ६’ म्हणून आला. विधिमंडळानंच तो लोकांपुढे ठेवला होता, त्यामुळे तो मतपत्रिकेवर आणायला सह्या गोळा करायची भानगड नव्हती. दारोदार जाऊन समजावायचं काम मात्र होतं, आणि सुट्टीच्या दिवशी मी ते फ्रीमाँटमध्ये केलं.

सरकारी माहितीपुस्तिकेत या प्रस्तावाविरुद्ध कुणी एक ओळही लिहून दिली नव्हती. दारात गेलं की कळायचं, विरोध कुठे राहतो ते! “म्हणजे कैद्यांनी नुसतं बसून खायचं?” हा ठरलेला सवाल. प्रस्ताव मंजूर झाला तरी ज्याला काम करायचंय त्याला ते करता येणारच होतं, वर शिक्षेत सूटही मिळणार होती. आज नाही म्हटलं तर शिस्तभंगाची नोंद होते, घरी फोन करायची सवलत जाऊ शकते. आणि मोबदला बहुतेक कामांना तासाला एक डॉलरसुद्धा नाही. एवढं सांगेस्तोवर दार अर्धं लागलेलं असायचं. एका नर्सबाईंना पटलं ते वेगळ्याच मुद्द्यानं: कामाच्या पाळीपायी व्यसनमुक्तीचा वर्ग बुडतो.

आमच्या मंडळातले एक काका म्हणाले, “अहो, आपल्याकडे सक्तमजुरी असतेच की!”

“असते ना काका, पण ती न्यायाधीश शिक्षेतच सुनावतात. आणि तिची रास्त मजुरी द्यायलाच हवी, असं सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्ये सांगितलंय. इथे शिक्षेत सक्तमजुरीचं नाव नसलं तरी तुरुंग कामाला जुंपतो.”

काकांनी चहा पाजला, मत काय देणार ते काही सांगितलं नाही.

त्याच मतपत्रिकेवर चोरी आणि ड्रग्जच्या शिक्षा वाढवणारं प्रॉपोझिशन ३६ होतं. दुकानात टूथपेस्टसुद्धा कुलपात ठेवलेली बघून लोक वैतागले होते. ते दणक्यात पास झालं. आमचं पडलं, सुमारे ५३ टक्के विरोधात. शेजारच्या नेवाडात तसाच प्रस्ताव त्याच दिवशी मंजूर झाला. कोलोरॅडोत २०१६ ला पडलेला प्रस्ताव २०१८ ला मंजूर झाला. तरी तिथल्या कैद्यांना पुढे कोर्टात जावं लागलं, कारण काम नाकारलं की शिक्षा मिळणं काही थांबलं नव्हतं.