एक डोळा मिटून

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या लातूर-धाराशिवकडच्या येळवसेला, अख्खं गाव रानात असतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, मग भज्जी आणि आंबील. आंबील पोटात गेल्यावर दुपार कुठं जाते ते कळत नाही. दिवस मावळला की मंडळी गावाकडं वळतात, मी मात्र आखाड्यावरच, म्हणजे रानातल्या घरीच मुक्काम ठोकतो. मार्गशीर्षातली कोरडी थंडी आणि चंद्राचा पत्ता नाही. आभाळ बघायला याहून चांगली रात्र कोणती?

अंधारात डोळा लगेच कामाला लागत नाही. बाहुली दोन मिलिमीटरवरून सात-आठपर्यंत फाकते, पण तेवढ्यानं उजेड वाढून वाढून सोळापट वाढणार. खरा कारभार आतल्या पडद्यावर चालतो. तिथल्या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडात ते मोडतं, अंधारात सावकाश पुन्हा जमतं, आणि पुरतं जमायला अर्धा तास तरी घेतं. (ते अ जीवनसत्त्वापासून बनतं. रातांधळेपणाचं मूळ बऱ्याचदा तिथंच असतं.) मग मघाशी नुसता काळा दिसणारा ज्वारीचा फड ताट न् ताट वेगळा दिसायला लागतो. हिरवा नाही, राखाडी. दंडपेशींना रंग कळत नाहीत.

देवयानी दीर्घिका दिसते तीही याच पेशींच्या जिवावर. नजर रोखली की ती गायब, जरा बाजूला पाहिलं की पुसट डाग हजर, कारण नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. 25 लाख वर्षं वाट तुडवून आलेला उजेड, आणि त्याच्याकडं तिरकं बघावं लागतं!

एवढ्यात आजी आखाड्याच्या दारातला नऊ वॅटचा बल्ब लावते.

डोळ्यांत कुणी चुना फेकावा तसं होतं. दार, रांजण, आजी, सगळं पांढरंफटक. पाणी गळतं, पापण्या उघडेनात. दोन-चार मिनिटांत उजेडात रंग बघणाऱ्या शंकुपेशी ताबा घेतात आणि आजीच्या लुगड्याला रंग येतो, पण अर्ध्या तासाची कमाई गेलेली असते. माझी तक्रार उजेडाबद्दल नाही. भर दुपारच्या उन्हात या बल्बाच्या हजारपट उजेड असेल, पण सूर्य रीतीनं येतो. आपल्याकडं पहाट फुटल्यापासून तो वर यायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. आधी बारीक तारे जातात, मग कोपीचा आकार दिसतो, मग हरभऱ्याला हिरवेपणा चढतो. रात्रभर आभाळ बघितलेला डोळासुद्धा कुरकुर न करता दिवसात येतो. बटणाला एवढा धीर कुठला!

म्हणून बॅटरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळतो. गडद लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ दिसतच नाही. आणि पाणी प्यायला आत जायचं झालं तर एक डोळा गच्च मिटून जातो. बाहुल्या दोन्ही डोळ्यांच्या एकदमच आकसतात, पण रंगद्रव्याचा हिशेब ज्याचा त्याचा वेगळा. बाहेर आल्यावर मिटलेल्या डोळ्याला कृत्तिका लखलखीत दिसतात, उघड्याला सगळा काळोख. डोळे आलटून पालटून मिटायचे, की आभाळ लागतं आणि विझतं. पोरखेळ आहे, पण फुकट आहे.

आजीला हे पटण्यातलं नाही.

“आरं, डोळ्यात कुसळ गेलं का काय?”

“नाही गं, डोळा राखून ठेवलाय.”

“राखून? कुणासाठी?”

बल्ब बंद कर म्हटलं तर म्हणते, “इचूकाट्याचं हाय बाबा, जळू दे.” यावर काय बोलणार? रात्री मोटारीची थ्री फेज वीज आली की अंधारात पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणाऱ्या घरातली बाई आहे ती. तिच्यापुढं देवयानीची वकिली मला जमत नाही. आता तिनं स्वतःहून एक सवलत दिली आहे. बटण दाबायच्या आधी ती आतूनच ओरडते, “मीट रं डोळा!”