आमची वाटचाल : लूप, पाय आणि तो एक पावसाळा

२००९ ला मी आणि अण्णांनी मिरजेत डॉक्टरांना माप घेऊन लूप, म्हणजे ऑपरेशन करताना घालायचे भिंगाचे चष्मे, द्यायचं काम चालू केलं तेव्हा लूप म्हटलं की लोकांना घड्याळवाल्याच्या डोळ्यावरचं भिंग आठवायचं. मी आधी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, डॉक्टरांच्या ओळखी माझ्याकडे, आणि अण्णांचं चष्म्याचं दुकान, नजर आणि हात त्यांच्याकडे. पहिली दोन वर्षं फक्त डेंटिस्ट. पायाच्या कामात आम्ही आलो ते चिपळूणच्या मॅडममुळे.

मॅडम जनरल सर्जन, पण डायबेटिक फूटचे, म्हणजे शुगरमुळे पाय बिघडलेले पेशंट इतके वाढले की पुढेपुढे त्या बहुतेक पायाचंच काम करायला लागल्या. आपल्याकडे पोडियाट्री, म्हणजे पायाच्या आजारांचं शास्त्र, ही वेगळी डिग्री म्हणून रुजलेली नाही, कुणी सर्जन, कुणी ऑर्थो, कुणी प्लास्टिक सर्जरीवाले हे काम करतात, आणि लूपवाले त्यांना डेंटिस्टचाच तयार माल चिकटवतात. मॅडमनी असाच एक बॉक्समधला ३.५ एक्स, म्हणजे साडेतीन पट मोठं दाखवणारा लूप घेतला होता, दोन दोन गोल दिसायचे, अर्ध्या तासात डोकं धरायचं. अण्णांनी पट्टी लावून डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर घेतलं, ५८ मिलिमीटर. लूप सेट होता ६४ वर!

मग अण्णा स्वतः एसटीने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोजच्यासारख्या स्टुलावर बसा, मी इथं नाहीच असं समजा." टेबलाच्या पायथ्याशी बसून त्या किती वाकतात, डोळ्यापासून पेशंटच्या अंगठ्यापर्यंत किती अंतर पडतं हे टेपने तीन वेळा मोजलं. डेंटिस्टला चाळीस सेंटिमीटर चालतात, मॅडमना अठ्ठेचाळीस लागत होते. हे न मोजता दिलेला लूप म्हणजे मानेचा आजार विकत देणं, हे मी आजही प्रत्येकाला सांगतो, कुणाला आवडो न आवडो.

डेमोच्या निमित्ताने मी तिथे बरंच पाहिलं. पायात किती तऱ्हेची कामं असतात! आत घुसलेल्या नखाची कड काढून मुळाला फिनॉल (मूळ जाळणारं औषध) लावायचं, तिथे २.५ पुरतो, पण कोपऱ्यात नखाची एक बारीक कपची राहिली तरी ते परत उगवतं आणि ती कपची नुसत्या डोळ्याला दिसत नाही. भोवरी की चामखीळ हे पंधरा नंबरच्या ब्लेडने वरची कातडी तासली की कळतं, चामखिळीत काळे ठिपके दिसतात आणि कातडीच्या रेषा तिथे तुटतात. घोट्याच्या आतल्या बाजूची नस (नर्व्ह) मोकळी करायची तर ३.५ किंवा त्याच्या वरचा, बारीक फांद्या सांभाळायच्या असतात. आणि मोठी जखम साफ करायची असेल तर उलट कमी पॉवरच घ्या, कारण पॉवर वाढली की दिसणारा भाग लहान होतो, खोलीचा फोकसही कमी होतो, मग हात एकीकडे आणि कुजलेला भाग दुसरीकडे. जास्त एक्स म्हणजे भारी लूप हे डोक्यातून काढा.

एकदा एक शेतकरी काका आले, तळव्याला घट्टा, दुखणं काहीच नाही कारण शुगरने संवेदनाच गेलेली. मॅडम पापुद्रा पापुद्रा तासत होत्या, एकदम थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हे बघा." मी लूपमधून पाहिलं तर मधोमध एक तपकिरी टोक. करवंदीचा काटा. काका त्याच्यावर किती दिवस चालत होते देव जाणे. त्या दिवसापासून मला हा धंदा नुसता धंदा वाटला नाही.

मग आला २०१३ चा पावसाळा. एका इम्पोर्टरकडून प्रिझमवाले अठरा लूप घेतले होते, बरेच कोकणात गेले. ऑगस्टमध्ये पहिला परत आला, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. महिनाभरात अकरा परत. सील नीट बसलेलंच नव्हतं, अण्णांनी एक उघडून दाखवलं, तरी इम्पोर्टर म्हणाला फंगस वॉरंटीत येत नाही. फोन उचलणं बंद. मी एक सोडून बाकी सगळ्यांचे पैसे परत दिले, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून. ती एका शब्दाने बोलली नाही. त्याच वेळी आमच्याकडे चार वर्षं काम शिकलेला मुलगा डॉक्टरांची यादी घेऊन गेला आणि स्वतःचं चालू केलं, सगळीकडे सांगत सुटला की यांचा माल बुरशीचा. मोजमाप करायचं त्याला अण्णांनीच शिकवलं होतं आणि तो बॉक्समधला माल न मोजता विकायचा, हे मला अजून लागतं. अण्णांनी त्याला शेवटपर्यंत वाईट म्हटलं नाही, मी म्हणतो.

त्या महिन्यांत एकच ऑर्डर आली, मॅडमची. खराब झालेल्यात त्यांचाही लूप होता, पण त्यांनी पैसे परत घेतले नाहीत, म्हणाल्या दुसरा करून द्या, आणि दोन ज्युनिअरना पाठवते, त्यांचंही माप घ्या. त्या तीन लूपवर आम्ही दिवाळी काढली.

नंतरची वर्षं बरी गेली, पाटल्या सुटल्या. २०१८ ला अण्णा गेले. त्यांची पट्टी मी वापरतो, आकडे पुसट झालेत पण बदलत नाही.

लूप वापरणाऱ्यांना एवढंच सांगतो, काच स्पिरिटने पुसू नका, कोटिंग जातं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, चुकूनही घालू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, पुड्या दर महिन्याला बदला, किंवा आम्ही करतो तसं कपाटात झिरोचा बल्ब चालू ठेवा. आणि कुणी बाहुल्यांचं अंतर न घेता लूप देत असेल तर उठून निघून या.

मागच्या आठवड्यात मॅडमचा तोच दुसरा लूप आला, बिजागरीचा स्क्रू सैल झालाय. काचा उजेडात धरून पाहिल्या, एकदम स्वच्छ. स्क्रू बसवलाय, सोमवारच्या एसटी पार्सलने चिपळूणला जाईल.