केदारनाथच्या वाटेवरचे दगड

गौरीकुंडाहून पहाटे निघालो तेव्हा मंदाकिनी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. गुडघे धरलेल्या आईला घोड्यावर बसवून दिले होते. मी मात्र चालतच जाणार होतो. पूर्वीची वाट १४ किलोमीटरची होती, पण २०१३ च्या महापुरात रामबाडा वाहून गेल्यावर ती तिथे नदी ओलांडून समोरच्या उतारावरून नेण्यात आली आणि आता साधारण १६ किलोमीटर चालावे लागते. लिनचोलीच्या चढावर पाऊस आणि खेचरांची लीद यांचा जो चिखल होतो, त्यात मी दोनदा सपशेल बसलो.

तरी शाळेत भूगोल शिकवणाऱ्याला ही वाट फार काही देते. खाली नदीने कोरलेली दरी चिंचोळी आहे. वर ती परातीसारखी रुंदावते, कारण तिथे कधीकाळी बर्फाने तिचा तळ आणि बाजू घासून काढल्या. ३,५८३ मीटर उंचीवरचे मंदिर ज्या सपाटीवर उभे आहे, तीही हिमनद्यांनी मागे हटताना टाकलेल्या गाळाची आणि दगडगोट्यांचीच आहे. गाभाऱ्यातले ज्योतिर्लिंगही घडवलेले नव्हे. तो त्रिकोणी, खडबडीत खडक आहे. त्याला तूप चोळताना थंडीने तूप बोटांवरच थिजले आणि हाताला खडकाचे कंगोरे लागले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच चोराबाडी तलावाकडे चढलो. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या, म्हणून याला गांधी सरोवरही म्हणतात. हिमनदीने कडेला रचलेल्या सुट्या दगडमातीचा बांध, म्हणजे हिमोढ, हे पाणी अडवून होता. अतिवृष्टीने आणि वितळलेल्या बर्फाने तलाव तुडुंब भरला आणि १७ जून २०१३ च्या सकाळी तो बांध फुटला. वर्गात मी ‘हिमोढ’ या शब्दाची व्याख्या एका ओळीत सांगून मोकळा होत असे. इथे पायाखाली तेच दगड सरकत होते, त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे काहीच नव्हते.

खाली आलो तेव्हा आई मंदिरामागच्या भीमशिलेपाशी उभी होती. पुरासोबत आलेल्या या प्रचंड शिळेने लोंढा दुभंगला आणि मंदिर वाचले, असे सगळे सांगतात. शिळेवर कुंकू होते. “हाही वरूनच आला ना रे?” आईने विचारले. मी हो म्हणालो. तिने पुडीतले उरलेले कुंकू त्याला लावले आणि घोडेवाला हाका मारू लागला म्हणून आम्ही निघालो.