थवा डावीकडेच का वळत होता?

पक्ष्यांचा थवा कॉम्प्युटरवर उडवून दाखवणारं विचेक मॉडेल स्वतः लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, एका संध्याकाळचं काम. तामाश विचेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेला नियम एवढासा: प्रत्येक कणाचा, म्हणजे पक्ष्याचा, वेग सारखाच, दर पावलाला त्याने ठरावीक त्रिज्येतल्या शेजाऱ्यांची, स्वतःला धरून, सरासरी दिशा घ्यायची आणि तीत थोडा गोंधळ, म्हणजे कसाही येणारा छोटा फरक, मिसळायचा. ३०० कण सोडले. तासाभरात थवा जमला.

पण दर वेळी डावीकडेच जाई. रँडम सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ती संख्या) बदललं, वीसदा चालवलं, तरी डावीकडेच. नियमाला कुठलीच दिशा लाडकी नाही, मग ही आली कुठून? दोन दिवस गोंधळाची किंमत कमीजास्त करण्यात गेले. शेवटी वैतागून दोनच कण ठेवले: एकाचा कोन ३५९ अंश, दुसऱ्याचा १. दोघंही उजवीकडे निघालेले. पुढच्याच पावलाला दोघं गर्रकन उलटे फिरले! ३५९ आणि १ यांची सरासरी १८०. कोन ० ते ३६० मध्ये मोजून साधी सरासरी काढली, तर उजवीकडे जाणारा थवा टिकणारच नाही.

साइनची आणि कोसाइनची वेगवेगळी सरासरी घेऊन त्यांवरून कोन काढायचा असतो. मूळ निबंधात हे स्पष्ट दिलंय. मी ज्या सोप्या लेखांवरून शिकले त्यांत मात्र नुसतं 'सरासरी दिशा घ्या'. याचा मला अजून राग आहे. बरं, तसं केलं तर थवा फक्त उजव्या अर्ध्यात! साइन भागिले कोसाइन यावरून कोन काढणारा साधा आर्कटॅन भागाकार तेवढा बघतो, दोन्ही संख्या उणे असल्या तर ते त्याला कळतच नाही. दोन्ही संख्या वेगळ्या घेणारा आर्कटॅन२ वापरा, बहुतेक भाषांत साइन आधी. तो घातला आणि थवा तिरका वर निघाला, पुढच्या खेपेला खाली. मी खुर्चीतून उठलेच.

हो, आणि सगळ्या नव्या दिशा जुन्या दिशांवरून काढा, मगच एकदम बदला. चौकटीतून उजवीकडे बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो, म्हणून उजव्या कडेवरचा कण डाव्या कडेवरच्याचा शेजारी असतो, अंतर त्या हिशेबाने मोजा. एकदिशपणाचा आकडा (सगळे एकाच दिशेने गेले तर १) पूर्ण विस्कळीत ३०० कणांनाही ०.०५ च्या आसपास येतो, शून्य नाही. तिथे चूक शोधत बसू नका.

त्रिज्या १, चौकट २५ बाय २५ आणि गोंधळ ०.१ ठेवून नक्की बघा. छोटे छोटे पुंजके होतात आणि प्रत्येक आपल्या वाटेने निघतो.