वीस मिनिटांचं वारं

आज रावेरला काकांच्या बागेत जाऊन आलो. ११ महिने जपलेली, कापणीवर आलेली केळी कालच्या वादळात आडवी झालीय. केळीला लाकूड कुठलं? पानांच्या देठांचंच गुंडाळलेलं खोड, त्यावर २०-२५ किलोचा घड. मे महिन्याच्या तापल्या दुपारनंतर ढगातली थंड हवा धाडकन खाली येऊन पसरली, की ते मधोमध मोडतं. मोडल्या जागेतून अजून चीक गळत होता. (शर्टावर पडला, आता डाग जन्मभर.) शेजारच्या वस्तीवरचे पत्रे थेट बागेत. व्यापारी फोनवर म्हणाला, "कच्चा माल आहे, भाव विचारू नका." काका गप्पच. तलाठी उद्या पंचनाम्याला येणार म्हणे. काकू पत्रा उचलून कोंबडीची पिल्लं मोजत होती.