तर्रीतला 'र्र' सापडला, 'एल रोतोर' अजून अडलाय

काल सकाळी तर्री पोहे खाताना स्पॅनिशमधल्या थरथरत्या, दुहेरी र चा माझा आठ महिन्यांचा प्रश्न निम्मा सुटला, म्हणून ही नोंद ठरल्यापेक्षा आधी लिहितेय. सबजंक्टिववर (स्पॅनिश क्रियापदांचं एक रूप) लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या वेळी.

अडचण तुम्हाला माहीत आहेच. स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियातल्या सेमिस्टरभर माझा एकेरी र कुणालाच खटकला नाही. 'बरं', 'करा' यातला आपला र तोच, त्यामुळे 'पेरो' (पण) चोख. घोडं अडायचं ते 'पेर्रो'वर (कुत्रा). लॅबमध्ये 'थिएर्रा एल थिर्कुइतो', म्हणजे सर्किट जोड, असं म्हणायचं असे आणि तोंडून 'थिएरा' निघे. लॅबमधली जोडीदारीण तीनदा 'के?' (काय?) विचारायची, शेवटी मी स्विचकडे बोट दाखवायचे. इलेक्ट्रिकलचे तर निम्मे शब्द याच आवाजाचे: कोर्रिएन्ते (करंट), एर्रोर, आणि शिवाय रेसिस्तेन्थिआ, रोतोर, रेंदिमिएन्तो (एफिशियन्सी), रुइदो (नॉइज). शब्दाच्या सुरुवातीचा र, तसाच न, ल, स यांच्यानंतरचा र, लिहिताना एकच असला तरी बोलायचा दुहेरीच.

नागपूरला आल्यापासून रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग करते. पारा ४४ वर, आणि कूलर चालू असला की त्याची घरघर फाइलभर पसरते. म्हणून दहा मिनिटं कूलर बंद. आजी दारातून ओरडते, "काय घुर्रघुर्र करून राहिली वं? आधी कूलर लाव!"

तर काल ठेल्यावर दादांनी विचारलं, "तर्री जास्त?" मी म्हटलं, "हो, तर्री जास्त," आणि जीभ आपोआप थरथरली. चमचा तसाच हातात. तर्री, तर्री, तर्री. प्रत्येक वेळी होतंय! घरी येऊन कूलर बंद केला आणि प्रातमध्ये (आवाज तपासायचं सॉफ्टवेअर) फाइल उघडली. एकेरी र म्हणजे स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या चित्रावर) जीभ टेकल्याची एकच बारीक फट, साधारण २० मिलिसेकंदांची. माझ्या 'तर्री'त अशा तीन फटी, एकीमागून एक. महिनाभराच्या जुन्या 'कोर्रिएन्ते'त एकच, लांबवलेली.

चूक कुठे होती ते आता दिसतं. मी जीभ मुद्दाम आपटत होते. हा आवाज सेकंदाला पंचवीस-तीस वेळा थरथरतो. इतक्या वेगाने जीभ स्नायूंनी हलवताच येत नाही. ती हवेने हलते. कूलरच्या जाळीला कागदाची पट्टी चिकटवून बघा: पट्टी जाड असेल तर फडफडत नाही, पंखा मंद असेल तरी नाही. पट्टी सैल आणि वारा पुरेसा असेल तर आपोआप फडफडते. जिभेचं टोक वरच्या दातांमागे सैल टेकवायचं, कडा बंद ठेवायच्या, बाकी सगळं काम फुप्फुसांचं.

म्हणूनच 'बटर, बटर म्हणा' असं शिकवणाऱ्या व्हिडिओंवर वेळ घालवू नका. तो सल्ला ज्यांच्याकडे एकेरी रसुद्धा नाही अशा इंग्रजीवाल्यांसाठी आहे. आपल्याकडे तर्री आहे, खर्रा आहे, भुर्रकन आहे. उच्चार तपासणारं अ‍ॅपही मी काढून टाकलं. ते 'पेरो' आणि 'पेर्रो' दोन्हींना हिरवी खूण देत होतं. सीताबर्डीवरून आणलेला तीनशेचा कॉलर माइक परत करतेय, फोनसोबत आलेल्या वायरवाल्या इयरफोनमध्ये फटी जास्त स्वच्छ दिसतात.

काल रात्री साडेदहाला (तिच्याकडे संध्याकाळचे सात) जोडीदारणीचा कॉल होता. 'ला कोर्रिएन्ते' म्हटलं. तिने 'के?' विचारलं नाही, पुढे बोलत राहिली. मी वहीत तारीख लिहून ठेवली. जाता जाता तिने हेही सांगितलं की आपला सैल सालीचा संत्रा त्यांच्याकडे 'नारान्खा' नाही, 'मांदारिना'. आणि 'नारान्खा' शब्द तर आपल्याच 'नारंग'वरून फारसी-अरबीमार्गे तिकडे गेलेला! संत्र्यांच्या दोन शहरांत एवढा घोळ.

आता उरलेलं निम्मं. नुसतं 'रेसिस्तेन्थिआ' अजून जमत नाही. पण 'ला रेसिस्तेन्थिआ' जमतं, कारण 'ला'मधल्या आ मुळे र दोन स्वरांत येतो, अगदी तर्रीसारखा. म्हणून अंकीतली (पाठांतराच्या कार्डांचं अ‍ॅप) एकेकट्या शब्दांची सगळी कार्डं उडवली आणि आर्टिकलसकट (नामाआधीचे 'एल', 'ला', 'उन') नवी केली. नाहीतरी बोलताना नाम सहसा आर्टिकल घेऊनच येतं.

पण 'एल रोतोर', 'एल रुइदो', 'एल रेंदिमिएन्तो'! दहात एकदा. 'उन रोतोर' दहात चारदा. कारण शोधायला काल रात्री आरशासमोर बसले. ल म्हणताना जिभेचं टोक घट्ट चिकटलेलं आणि कडा उघड्या. र्र ला बरोबर उलटं, टोक सैल आणि कडा बंद. एका क्षणात दोन्ही फिरवायचं. मराठीत ल ला लागून र येणारे जोडशब्द आठवेनात, म्हणून 'एल' आणि 'रोतोर' यांच्यामध्ये बारीक अ घालून सराव करायचा आणि तो अ हळूहळू कमी करत न्यायचा, असं ठरवलं होतं. तसं लिहायलाही घेतलं होतं.

पण हे लिहिता लिहिता खालून शेजारच्या काकू पोराला ओरडल्या, "चल रे घरी!" चल रे! ल आणि लगेच र. अ ची युक्ती रद्द. कूलर बंद करून आत्ताच 'चल र्रे' वीसदा रेकॉर्ड केलं. तीन फाइलींत दोन-दोन फटी आहेत. 'बोल र्रे', 'खेळ र्रे'चीही कार्डं करतेय. 'खेळ'मधला ळ मागे वळतो, त्याचा उपयोग होईल की अडथळा, ते उद्या प्रातमध्ये बघेन. आजीने कूलर लावलाय.